आपल्याकडं पोचलेच नाहीत असे पिक्चर अन् मालिका

बालाघाटी (अंबाजोगाई)
परवा भाचा आलता पुण्याहून, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हाय. जेवताना कशावरून तरी पिक्चरचा विषय निघाला तर गडी म्हणतो, मामा मराठीत सैराट सोडला तर बघण्यासारखं हाय काय. माझा घास तोंडातच राहिला. मग काय, लागलो नावं सांगायला, हा बघ तो बघ, अन् सांगता सांगता माझ्याच ध्यानात आलं की मी सांगायलोय त्यातले निम्मे पिक्चर मी सोता थेटरात बघितलेलेच नाहीत, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर नाहीतर लई वर्षांनी मोबाइलवर. कारण ते इकडं आलेच नाहीत.

दशक्रियाचं सांगतो. २०१७ चा नोव्हेंबर. पिक्चर पैठणचा, कादंबरी आपल्या बाबा भांडांची, म्हणजे घरचंच कार्य, पण अंबाजोगाईत लागला नाही. मी अन् माझा एक दोस्त मोटरसायकलवर लातूरला गेलो, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. दिवसातून एकच शो, तोही दुपारी १२ चा. खिडकीवरला पोरगा म्हणला आठ तिकिटं फाटल्याशिवाय मशीन चालू करत नाहीत, तुम्ही चौघंच हाव. आम्ही दोघं अन् एक रिटायर झालेलं मास्तर-मास्तरीण जोडपं. आम्ही म्हणलं बाबा उरलेली चार तिकिटं पण आम्हीच घेतो की. तो आत जाऊन आला अन् म्हणला मॅनेजर म्हणायलेत एसीचं बिल निघत नाही. मास्तरीणबाईंनी पिशवीतून खारे शेंगदाणे काढले, चौघांनी पायरीवर बसून खाल्ले अन् आपापल्या गावाला गेलो.

तर धागा त्याच्यासाठी. ज्याला लोकांनी न्याय दिला नाही असा पिक्चर, मालिका, वेबसिरीज, काय बी सांगा. फकस्त एक करा, "मस्ट वॉच" लिहून पळू नका, त्यात काय हाय ते सांगा.

गोदाकाठची (पैठण)
दादा, दशक्रिया मी बघितलाय, संभाजीनगरला नणंदेकडं गेलते तेव्हा. त्यातला तो पोरगा भान्या, घाटावर राख चाळतो. लोक अस्थी, राख पाण्यात सोडून जातात आणि ही पोरं चाळणी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात, नाणी सापडतात, कधी सोन्याचा मणी. थेटरात माझ्या शेजारची बाई "शी" म्हणाली. मला शी वाटलं नाही कारण आमच्या घाटावर अशी पोरं मी लहानपणापासून बघत आलेय, आमच्या वर्गात होता एक, त्याची बोटं कायम पांढरी, पाण्यानं सुरकुतलेली. पिक्चरमध्ये कॅमेरा बराच वेळ त्या चाळणीवरच राहतो, ते मला फार आवडलं. आणि मनोज जोशी! हिंदीत त्यांना सगळे कॉमेडीत बघतात, इथं केशव भटजी असा केलाय की राग येतो आणि थोड्या वेळानं त्याच्याबद्दल पण वाईट वाटतं. नॅशनल अवॉर्ड मिळालं त्यांना सहायक अभिनेत्याचं.

जेसीबीवाला (गेवराई)
सुवर्णकमळ मिळालतं ना त्याला?

गोदाकाठची
नाही हो भाऊ, त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपट. सुवर्णकमळ त्याच वर्षी कासवला, ६४ वे पुरस्कार. दोन्ही मराठीच.

मुक्काम_हडपसर (मूळ नांदेड)
आणि कासव तरी कुणी बघितला? सांगा बघू. देशातला सगळ्यात चांगला पिक्चर म्हणून दिल्लीत जाहीर झाला, पुण्यात मी दुसऱ्या आठवड्यात शोधला तर गेलेला. डिप्रेशनमधला एक पोरगा, आलोक राजवाडे, आणि त्याला काहीही न विचारता घरात ठेवून घेणारी बाई, इरावती हर्षे. बस एवढंच. समुद्रावर कासवाची अंडी राखायचं काम चाललेलं असतं आणि हा पोरगा तसाच, कुणी हात लावला तर आत जाणारा. मी तेव्हा एकटा रूमवर राहायचो, नोकरी गेलेली, म्हणून मला जास्त भिडला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचं सगळंच असं कोपऱ्यात राहिलं, देवराई, नितळ, अस्तू. सुमित्राताई २०२१ मध्ये गेल्या तेव्हा दोन दिवस सगळ्यांनी स्टेटस ठेवले.

जेसीबीवाला
मी खरं बोलू का, राग मानू नका. अवॉर्डवाला पिक्चर म्हणजे माणूस अर्धा घंटा नुसता विहिरीकडं बघत बसतो, कुणी काही बोलत नाही, अन् आपुन म्हणायचं वा काय खोली हाय. दिवसभर धुरळ्यात मशीन चालवून आल्यावर मला विहीर नाही बघायची.

बालाघाटी
जेसीबीवाले, विहीर नावाचाच पिक्चर हाय, उमेश कुलकर्णीचा, वळूच्या नंतरचा. अन् त्यात खरंच विहिरीकडं बघतात 😄 पण दोन मावसभावांची गोष्ट हाय, सुट्टीतली लपाछपी, अन् एक भाऊ असा लपतो की पुन्हा सापडतच नाही. तुम्ही बघाच, अन् मग शिव्या द्यायला या इथंच.

जेसीबीवाला
विहीर काढून देतो म्हणा, बघतो कशाला 😂

दूरदर्शनवाले_काका (परभणी)
तुम्ही सगळे अलीकडचं बोलता आहात. मी १९९२ च्या पिक्चरचं सांगतो, एक होता विदूषक. जब्बार पटेलांचा. लिहिला पु. लं.नी, आणि मुख्य भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. आता एवढी नावं ऐकून कुणालाही वाटेल की हा तर गाजलेलाच असणार. आमच्याकडं आला तेव्हा मी कॉलेजात होतो. पहिल्या दिवशी थेटर भरलं, कारण पोस्टरवर लक्ष्या. लोक घरून हसायची तयारी करून आले होते. आणि पडद्यावर हा तमाशातला सोंगाड्या, आबुराव, मोठा होतो, सिनेमात जातो, तिथून राजकारणवाले त्याला उचलतात, आणि हसवायची कला हळूहळू दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाला जुंपली जाते. इंटरव्हलच्या आधी मागून एक जण ओरडला, "लक्ष्या, हसव की रे!" बरं, पिक्चरमध्ये पण तेच, त्याची लहान मुलगी हसत नाही आणि हा बाप, सगळ्या महाराष्ट्राला हसवणारा, तिच्यासमोर बसलेला. म्हणजे ओरडणाऱ्यानं नकळत बरोबर जागी ओरडलं होतं. चौथ्या दिवशी पोस्टर बदललं.

बेर्डेंनी त्यानंतर पुन्हा विनोदीच पिक्चर केले, काय करणार, लोकांनी सांगितलंच होतं काय पाहिजे ते.

आणि एक आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट. त्यातली गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक. महानोर म्हणजे सोयगाव तालुक्यातलं पळसखेडं, अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीतलं. जैत रे जैतची गाणी सगळ्यांना पाठ आहेत, विदूषकची लावणी-गौळणीच्या अंगानं गेलेली गाणी निम्म्यांना माहीतच नाहीत. २०२३ मध्ये गेले ते, तेव्हा बातम्यांत पण जैत रे जैतच जास्त.

माहेरवाशीण (माजलगाव, सध्या ठाणे)
काका 🙏 आता रात्री गाणी लावते.

मालिकांचं मी सांगते कारण पिक्चर आम्हाला कुठं बघायला मिळायचे. अल्फा मराठीवर प्रपंच लागायची, प्रतिमा कुलकर्णींची. समुद्राकाठचं घर, एकत्र कुटुंब, सुधीर जोशी, रसिका जोशी, संजय मोने, भरत जाधव. कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नव्हतं हो! भांडण काय तर बाथरूमवरून. आत्ता सांगितलं तर पोरी म्हणतात मग त्यात घडायचं काय. पिंपळपान पण तेव्हाचीच, साहित्यातल्या कथा-कादंबऱ्यांवर. आमच्या घरी मासिक पण येत नव्हतं, तरी मला कितीतरी लेखक आधी टीव्हीतून कळले आणि मग लायब्ररीत जाऊन पुस्तक मागितलं.

पण माझी खरी दुखरी नस म्हणजे अग्निहोत्र. २००८ ला सुरू झाली, सतीश राजवाडे, नाशिकचा वाडा, आठ गणपती, विक्रम गोखले, मोहन आगाशे, काय एकेक माणूस. आणि आमच्याकडं लोडशेडिंग!! एक आठवडा सकाळी जायची, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की आठवडाभर अग्निहोत्र बंद. मग पुण्याच्या मावशीला मी मिस कॉल द्यायचे, ती फोन करून एपिसोड सांगायची, पण ती स्वयंपाक करत करत बघणारी, त्यामुळं "मग तो कुणीतरी येतो, दाढीवाला, आणि काहीतरी सांगतो, गणपतीचं, भाजी करपत होती गं माझी तेवढ्यात". पाचवा गणपती मला मावशीच्या वांग्याच्या भाजीत गेला तो गेलाच. लग्नानंतर पूर्ण बघितली. नवरा विचारायचा रडायला काय झालं.

आणि अलीकडची रुद्रम, २०१७, झी युवा. मुक्ता बर्वे. गिरीश जोशींनी लिहिलेली. ठरवून तेवढेच भाग केले आणि संपवली, हे मराठी मालिकेत म्हणजे पाऊस वेळेवर आल्यासारखंच.

सेलूकर
मानवत मर्डर्स कुणीच कसं घेतलं नाही अजून? २०२४, सोनी लिव्ह. मानवतच्या बायका-पोरींच्या खुनांच्या खऱ्या प्रकरणावरची सिरीज. आमच्यापासून हाकेच्या अंतरावरचं, परभणी जिल्ह्यातलं गाव. माझी आजी सांगायची, ७२-७३ साली दिवस मावळला की बायकांनी एकटं बाहेर निघायचं नाही, पोरींना तर परसाकडं जायला पण सोबत लागायची. दुष्काळ एकीकडं अन् हे एकीकडं. आजीला मी सिरीजचा पहिला भाग लावून दिला, पाच मिनिटं बघितला अन् म्हणली बंद कर, आम्ही एकदा बघितलंय.

तपास करणारे रमाकांत कुलकर्णी, त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावर केलीय. आशुतोष गोवारीकर ॲक्टिंगला हाय त्यांच्या भूमिकेत. पण मला सगळ्यात जास्त धक्का दिला तो मकरंद अनासपुरेनं. भाऊंचा तोच टोन, तीच बोली, जिच्यावर आपण पंधरा-वीस वर्षं हसलो, अन् इथं तो उत्तमराव बारहाते म्हणून शांतपणे बोलतो तर अंगावर काटा येतो. तवा मला कळलं की हसू बोलीत नव्हतंच.

अन् ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्याच प्रकरणावर १९८१ ला एक पिक्चर येऊन गेलाय, आक्रीत. अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून केलेला पहिला पिक्चर, पटकथा विजय तेंडुलकरांची, अन् पालेकर सोताच त्यात काळ्या भूमिकेत. ज्यांना ते बसच्या लायनीतले साधेभोळे पालेकर माहितीत त्यांनी जरूर बघावा, झोप उडंल. आमच्या जिल्ह्यावर दोन-दोन कलाकृती अन् जिल्ह्यात विचारा, आक्रीत नाव ऐकलेला माणूस सापडायचा नाही.

मुक्काम_हडपसर
सेलूकर, मानवतचा दिग्दर्शक आशीष बेंडे. त्याचाच आत्मपॅम्फ्लेट २०२३ ला आला आणि गेला. लिहिला परेश मोकाशीनं. शाळेतल्या पोराचं एकतर्फी प्रेम आणि मागं देशात बाबरी, मंडल, सगळं चाललेलं. इतका हसलो मी की शेजारचा उठून दुसरीकडं बसला. बर्लिनच्या फेस्टिवलला जाऊन आलेला पिक्चर, थेटरात आम्ही अकरा जण.

जेसीबीवाला
अकरा म्हणजे आठच्या वर हाय, मशीन चालू झालं असंल 😄

सेलूकर
बोलीवरून एक. टीव्हीत गावाकडचा माणूस दाखवायचा म्हणलं की सातारा-कोल्हापूरचं बोलणं. आपलं मराठवाड्याचं "करायलो, जायलो" कधी येतं? शिपाई, ड्रायव्हर नाहीतर येडपट पाव्हणा असंल तवा. हिरोला कधी "मी यायलोय" म्हणताना ऐकलाव का?

दूरदर्शनवाले_काका
आपल्या प्रा. लक्ष्मण देशपांडेंनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त एकट्यानं ५२ पात्रं उभी केली, याच बोलीत, आणि लंडनपर्यंत नेली. पण तेही विनोदीच होतं म्हणा. (हा पिक्चर नाही, माहीत आहे, बालाघाटींनी रागावू नये.)

बालाघाटी
काका तुम्हाला कोण रागवंल. पण अनासपुरेचाच गोष्ट छोटी डोंगराएवढी बघा, २००९. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरचा. तिथं त्यानं गंभीर काम केलतं, पण लोकांनी गल्लीत गोंधळ लक्षात ठेवला, हा नाही.

खंडोबाचा_घोडा (लोहा)
पाणी!! आदिनाथ कोठारेचा. आमच्या तालुक्याकडची नागदरवाडी हाय ती, हनुमंत केंद्रेंची खरी गोष्ट. गावात पाणी नाही म्हणून पोरी द्यायला कुणी तयार नाही, अन् हा गडी म्हणतो आधी पाणी आणतो मग लग्न करतो. बाहेरच्यांना वाटतं काय गोड लव्हस्टोरी. आम्हाला विचारा. माझ्या चुलत्याचं जमलेलं लग्न मोडलं कारण पाव्हण्यांनी बारवात डोकावून बघितलं. पोरगा बघितला, घर बघितलं, चहा पिला, अन् जाता जाता सासऱ्यानं बारवात खडा टाकला. वरून आवाजच आला नाही पाण्याचा. संपलं.

२०१९ च्या पिक्चरांत त्याला पर्यावरणाचा राष्ट्रीय पुरस्कार, अन् थेटरात आला ऑक्टोबर २०२४ ला. मधी कोरोना होता मान्य, तरी पाच वर्षं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तवाच्या जखमा ताज्या होत्या, तवाच यायला पाहिजे होता. आला तवा धो धो पाऊस झालेला, लोक म्हणले आता कशाला.

जेसीबीवाला
हा बघितलाय मी! बायकोनं नेलतं. चांगला हाय. ते सीसीटी, म्हणजे पाणी मुरवायला उतारावर खांदलेले चर, बांध-बिंदिस्ती बरोबर दाखवलंय, काम माहीत असलेल्या माणसानं सांगितलेलं दिसतंय.

खंडोबाचा_घोडा
अजून एक, मराठी पिक्चर नाही, डॉक्युमेंटरी हाय पण आपली हाय. द सिनेमा ट्रॅव्हलर्स, २०१६. जत्रेत तंबू लावून पिक्चर दाखवणाऱ्यांवर. कान्सला वाखाणली. त्यात एक म्हातारा प्रोजेक्टर दुरुस्त करणारा हाय, त्याच्यासाठी बघा. मी माळेगावच्या जत्रेत तंबूत पिक्चर बघितलेला माणूस हाय, खाली धुरळा, पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं की तिकीट कमी पण सगळं उलटं दिसायचं, हिरो डावखुरा व्हायचा. डॉक्युमेंटरी बघताना तो डिझेलच्या जनरेटरचा वास आला बघा.

तूरडाळ (उदगीर)
ख्वाडा. भाऊराव कऱ्हाडे. धनगराची गोष्ट. जागेवर रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा पण राष्ट्रीय पुरस्कार हाय त्याला, म्हणून इअरफोन लावून बघा, मेंढरांच्या घंट्या लांबून जवळ येतात ते ऐका. धग पण, उषा जाधवला बेस्ट ॲक्ट्रेस मिळालेला. स्मशानातलं काम करणाऱ्या घरातली बाई, तिला वाटतं पोरानं त्यात पडू नये. बाकी नंतर लिहितो, आडतीवर हाय.

बालाघाटी
भाच्याला ह्या धाग्याची लिंक पाठवली. त्याचं उत्तर आलंय, "ठीके मामा, पण यातला दीड तासाच्या आतला कोणता".

मुक्काम_हडपसर
😂😂 आत्मपॅम्फ्लेट सांगा, लवकर संपतो.

वाचकमात्र (वाशी, धाराशिव)
मी कधी लिहीत नाही, नुसतं वाचतो. गाभ्रीचा पाऊस कुणी सांगितला नाही म्हणून लिहायलो. २००९ चा, सतीश मनवर. हाय विदर्भातला, बोली वऱ्हाडी, पण सीमा ओलांडली तर फरक काय. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला असतो अन् त्या दिवसापासून किसनाच्या बायकोला भ्या बसतं की आता आपला नवरा. गिरीश कुलकर्णी अन् सोनाली कुलकर्णी. ती त्याला काही बोलत नाही. नुसतं लहान पोराला त्याच्यामागं लावून देते, बाप जाईल तिथं जा. घरात गोडधोड करते, त्यानं खुश राहावं म्हणून. बापाला कळंना हे पोरगं कामून मागं मागं फिरायलंय. ह्याच्यावर हसू येतं. खरंच विनोदी हाय तो अर्धा पिक्चर, ते कुणी सांगत नाही, सगळे म्हणतात दुःखी हाय.

मला हसू यायला वेळ लागला. २०१५ ला मी नववीत होतो. सोयाबीन दोनदा पेरून गेलतं. आई मला सकाळी शाळेच्या आधी म्हणायची, अण्णाला डबा देऊन ये. डबा तर अण्णा घेऊनच जायचे. मी म्हणायचो त्यांनी नेलाय की, तर म्हणायची लोणचं राहिलं. रोज काहीतरी राहायचं. लोणचं, मीठ, पाण्याची बाटली, एकदा तर नुसता टॉवेल. मला राग यायचा, दीड किलोमीटर चालत, ऊन. अण्णा पण चिडायचे, काय रोज रोज येतो म्हणून. कॉलेजला गेल्यावर मित्राच्या लॅपटॉपवर हा पिक्चर बघितला अन् मधीच बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो.

गोदाकाठची
अण्णा कसे आहेत आता?

वाचकमात्र
हायेत ताई, चांगलेत. आता शेळ्या घेतल्यात, दिवसभर त्यांच्याशीच भांडायलेत.

बालाघाटी
त्यांना दाखवला का पिक्चर?

वाचकमात्र
त्यांना नाही दाखवला. आईला दाखवला मागच्या उन्हाळ्यात, मोबाइलवर. शेवटपर्यंत बघितला. मी विचारलं काय वाटलं, तर म्हणली, तिनं गोडधोड तरी केलं, आपल्याकडं तवा गूळ पण नव्हता. अन् दूध उतू जायलंय म्हणत आत गेली.